प्रतिभाचं बाळंतपण अजून झालेलं नाही

अम्मी तालुक्याच्या मिटिंगहून आली की चपला कशा काढते, त्यावरून दिवस कसा गेला ते कळतं. चपला गुपचूप कोपऱ्यात गेल्या तर मिटिंगमध्ये नुसताच चहा झाला. एक चप्पल दाराला आणि दुसरी भिंतीला लागली तर साहेबांनी पुन्हा प्रतिभाचं नाव काढलं.

"आज काय म्हणाले?"

"काय म्हणणार? 'रेहानाबाई, ती तुमची प्रतिभा यादव सानप. अजून गरोदरच? हत्तीण आहे का हो ती?' सगळे खो खो हसले. मलाही हसावं लागलं."

साहेब नाकातून बोलतात. 'हत्तीण' म्हणताना त्यांचा ण नाकातच मुक्काम करतो आणि सावकाश बाहेर पडतो. अम्मीला तो ण जमत नाही. मला जमतो, पण तो त्या दिवशी करून दाखवायचा नसतो एवढी अक्कल मला आहे.

प्रतिभाचा मुलगा आता आमच्या अंगणात शेळीची शेपटी धरून पळतो. शेळी ओरडते, तो हसतो, त्याची आजी झुंबरबाई दोघांना शिव्या घालते. असा चांगला धडधाकट मुलगा आहे. पण आमच्या आरोग्य केंद्राच्या कॉम्प्युटरात तो अजून प्रतिभाच्या पोटातच आहे.

अम्मी म्हणजे रेहाना सिस्टर. मूळची मालेगावची. अब्बा अजून तिथेच यंत्रमागावर असतात; शुक्रवारी माग बंद, म्हणून गुरुवारी संध्याकाळी येतात. अम्मीला सरकारी नर्स म्हणून सिन्नरच्या पुढच्या या गावात नेमणूक मिळाली, ते नव्वद सालानंतर लगेच. 'दोन वर्षं काढू आणि बदली घेऊ' म्हणत ती आली ती इथेच राहिली. बायकांशी ती त्यांच्यासारखं बोलते: "काय गं, गोळ्या खाल्ल्या का कोंबड्यांना घातल्या? कोंबडीच लाल दिसतीय तुझ्यापेक्षा!" साहेबांशी ती शाळेच्या पुस्तकातलं बोलते. आणि फार चिडली की मालेगावच्या गल्लीतली अहिराणी तोंडात येते: "हाई काय शे?" ते ऐकलं की व्हरांड्यातली रांग आपोआप सरळ होते.

आता कुणाला वाटेल की कॉम्प्युटर आला म्हणून जुन्या नर्सबाई कुरकुरल्या असतील. उलट होतं. सगळ्या तालुक्यात कॉम्प्युटर हवा म्हणून ओरडणारी अम्मी एकटीच होती, आणि त्याचं कारण रंगूबाई.

रंगूबाई आमच्याच गावची सून. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, दुसऱ्या तालुक्यात. मुलगी चांगली झाली. इथे दुसरं मूल झालं ते हळदीसारखं पिवळं, आणि गेलं. तिसरं पोटातच गेलं. मग नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, रंगूबाईचं रक्त निगेटिव्ह. निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झालं, तर बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन टोचावं लागतं. नाहीतर आईचंच रक्त पुढच्या बाळांवर उलटतं. माहेरच्या नर्सच्या वहीत तो रक्तगट होता, इंजेक्शन मात्र राहून गेलं होतं. अम्मीला हे कळलं असतं तर दुसऱ्या खेपेला तिने रंगूबाईला आधीच नाशिकला धाडलं असतं.

"माझ्या हातात काय असतं?" अम्मी म्हणायची. "पोटुशी पोर सातव्या महिन्यात एसटीत बसली की माझ्या हातून गेली. तिचं रक्त कुठलं, प्रेशर किती, सगळं माझ्याकडे आणि पोर तिकडे. तिकडची माझ्याकडे आली की उलटं."

म्हणून दोन हजार चारच्या सुमाराला 'प्रायोगिक तत्त्वावर' कॉम्प्युटर आला, तेव्हा अम्मीने त्याला हार घातला. खरंच घातला, फोटो आहे. शिकवायला नाशिकहून समर्थ सर आले. सर पातळ, गोरे, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'बेसिकली'.

"बेसिकली सिस्टर, एकदम सिम्पल आहे. तुम्ही इथे नाव टाकलं की जिल्ह्यात कुठेही ती लेडी गेली तरी सर्च मारायचा. एका क्लिकमध्ये!"

"कुठेही? नांदगावला? पेठला?"

"कुठेही."

अम्मीचे डोळे भरून आले होते. समर्थ सरांना वाटलं कॉम्प्युटरच्या उजेडाने आले.

मग अम्मी एका बोटाने टाइप करायला शिकली. लाल चौकटी भरल्याशिवाय पडदा पुढे जात नाही हेही शिकली. रक्तगटाची चौकट लाल होती. रक्त तपासायला जायचं सिन्नरला, रिपोर्ट यायचा यायचा तेव्हा, आणि लाईट तर सकाळी जाऊन दुपारी यायची. अम्मीने सरांना विचारलं, रिपोर्ट येईपर्यंत काय करू?

"सध्या कॉमनवाला टाका. ओ पॉझिटिव्ह. नंतर एडिट करू."

तर सगळ्या गावच्या बायका ओ पॉझिटिव्ह झाल्या. अम्मीने केल्या, तशा सगळ्या जिल्ह्यातल्या नर्सबाईंनी केल्या. लाईट जायच्या आत पडदा पुढे न्यायचा, दुसरं काय?

प्रतिभा आली तीही अशाच एका सकाळी, सासूच्या मागे अर्धी लपून. यादव सानपची बायको, पहिलटकरीण. नाव झालं, वय झालं, मग पतीच्या नावाची लाल चौकट आली आणि प्रतिभाने मान खाली घातली.

"नवऱ्याचं नाव सांग गं."

"तुम्हाला म्हाईत हाय की."

"मला माहीत असून उपयोग नाही. तू सांगशील ते लिहायचं, असा नियम आहे. घे पटकन, लाईट जायची वेळ झाली."

प्रतिभाने पदर तोंडाला लावला, सासूकडे पाहिलं, आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लाईट जाते, लाईट येते, पंखा फिरतो गरगर,
यादवरावांचं नाव घेते, लिहून घ्या भरभर!"

एवढ्या हशात अम्मीने यादवराव लिहिलं, रक्तगटात ओ पॉझिटिव्ह टाकलं, आणि प्रतिभाचं रक्त बाटलीत घालून सिन्नरला पाठवलं.

रिपोर्ट आला तेव्हा प्रतिभा सातवा संपवून माहेरी, नांदगावकडे, जाऊन महिना होत आला होता. बी निगेटिव्ह.

अम्मीने धावत जाऊन कॉम्प्युटरात दुरुस्ती केली. पडद्यावर लाल पट्टी आली: 'जोखमीची माता'. अम्मी खूश. "बघ," मला म्हणाली, "आता नांदगावकडे तिने नाव सांगितलं की हीच पट्टी तिकडे दिसणार. रंगूबाईच्या वेळी हे असतं तर!" तरी खात्री करावी म्हणून तिने प्रतिभाच्या माहेरच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. तिथे शकुबाई सिस्टर आहेत. शकुबाई फोनवर बोलतात तेव्हा त्यांना फोनची गरज का पडते हेच कळत नाही.

"हालोऽऽ! कोन पायजे?"

"प्रतिभा यादव सानप, पहिलटकरीण, तुमच्याकडे नोंद असेल."

"थांबा, बघते... प्रतिभा... प्रतिभा... नाय हो बाई! प्रतिभा नावाची एक बी नाय आमच्यात!"

"अहो, घुग्यांची मुलगी. तुमच्याच हद्दीतली."

"घुग्यांचं अर्धं गाव हाय. अन् कॉम्प्युटर नाय म्हनतोय तर नाय!"

अम्मीने फोन ठेवला. मग कपाळावर हात मारून घेतला. प्रतिभा हे नाव झुंबरबाईने ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं. माहेरी तिला त्या नावाने कोण हाक मारणार? आणि माहेरची नर्स तिला कुठल्या नावाने लिहिणार?

अम्मी तडक सानपांच्या घरी. झुंबरबाई ओट्यावर शेंगा फोडत होती.

"झुंबरबाई, सुनेचं लग्नाआधीचं नाव काय?"

"तिचं नाव प्रतिभा."

"लग्नाआधीचं विचारते मी."

"लगनाआधी ती आमची नव्हती. मंग आमाला काय ठाव?"

"असं काय करता? सोयरीक काय नाव न विचारता केली?"

झुंबरबाईने एक शेंग फोडली, एक दाणा खाल्ला. "बाई, समद्या मांडवादेखत नाव लिवलंय माझ्या पोरानं. पेढे वाटले. आता ह्या घरात जुनं नाव काढलं तर पोरीचा पाय सासरी ठरत नाय. तुमच्यात नसंल तसं."

"आमच्यात नाव बदलत नाहीत. माझी अम्मी मला जे म्हणायची तेच सरकार म्हणतं."

"सुखी हाय तुमी."

अम्मीने मग रक्ताचं सांगितलं. ते ऐकून झुंबरबाई उठूनच उभी राहिली. "रक्तात खोट हाय म्हनता माझ्या सुनंच्या? अन् ते तिच्या म्हायेरी कळवायचं? लोक काय म्हनतील!"

"खोट नाही हो, गट! कुणाचाही असतो. तालुक्याच्या साहेबांचाही निगेटिव्ह असेल."

"साहेबाला कुठं पोटुशी ऱ्हायचंय?"

अम्मी तिथून निघाली. रस्त्याने येताना ती स्वतःशीच "हाई काय शे, हाई काय शे" करत होती, तेवढ्यात मागून यादव आला. यादव म्हणजे उंच माणूस, पण आईसमोर खुर्चीएवढा होतो. तो आधी कुंपणाबाहेर आला होता, मग बाभळीपर्यंत आला, मग मागे वळून घर दिसतंय का ते पाहिलं.

"बाई," तो कुजबुजला, "सुवर्णा."

"काय?"

"सुवर्णा पुंजाराम घुगे. घरात नाय ना काढलं मी? रस्त्यावर काढलं. चालंल ना?"

अम्मी धावत केंद्रात. तर फोन बंद. लाईन कुठेतरी तुटलेली. ती जोडून आली तेव्हा मधे दोन बाजार गेले होते.

"सुवर्णा पुंजाराम?" शकुबाई ओरडल्या. "अहो, ती तर काल बाळंत झाली की! मुलगा! आज सकाळीच घरी धाडली!"

"रक्तगट काय लिहिलाय?"

"ओ पॉझिटिव्ह."

"तपासला होता?"

पहिल्यांदाच शकुबाईंचा आवाज फोनला शोभेल एवढा झाला. "आता... चौकट लाल होती ना हो, बाई."

अम्मी कुठल्या तोंडाने रागावणार? तिच्याही पडद्यावर सगळं गाव ओ पॉझिटिव्ह होतं.

मग तिथले डॉक्टर फोनवर आले. शांत माणूस, आवाज असा की इस्त्री केलाय. "सिस्टर, तुमची प्रतिभा निगेटिव्ह आहे. आमची सुवर्णा पॉझिटिव्ह आहे. रेकॉर्डवर या दोन वेगळ्या बायका आहेत. फोनवरच्या सांगण्यावरून मी कुणाला काय टोचू? आणि ते इंजेक्शन आमच्याकडे नाहीच."

अम्मीने फोन ठेवला आणि लसीचा निळा डबा उचलला.

दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मीही सोबत. दुसऱ्या दिवशी उजाडताच सिन्नरहून जीपने नाशिकरोड. यादवने तिथल्या औषधाच्या दुकानातून इंजेक्शन घेतलं, अम्मीने ते डब्यात ठेवलं, आणि आम्ही नांदगावच्या रेल्वेत बसलो. इंजेक्शन गार राहायला हवं. मनमाडला बर्फ वितळत आला. लस्सीवाला म्हणाला, "बर्फ नुसता नाय मिळणार ताई, लस्सी घ्यावी लागंल." यादव म्हणाला, "दे तीन." अम्मीने ग्लासाला तोंड लावलं नाही. दोन ग्लास यादव प्यायला, दुःखात.

पुंजाराम घुग्यांच्या घरात शेक-शेगडीचा धूर, ओव्याचा वास. दारात प्रतिभाची आई, गोजराबाई. जावयाला पाहून तिच्या हातातलं सूप खाली आलं.

"पाचवी व्हायच्या आधी जावई? काय झालं? कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही," अम्मी म्हणाली. "प्रतिभाला बाहेर आणा, दवाखान्यात न्यायचंय."

"कोन प्रतिभा?"

"तुमची मुलगी!"

"माझी मुलगी सुवर्णा हाय."

आतून आवाज आला, "आये, मीच गं ती!" आणि बाळ रडायला लागलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी अम्मीने आणलेला रिपोर्ट पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा रिपोर्ट पाहिला. रागावले नाहीत. "चला, परत बघू," म्हणाले. काचेवर प्रतिभाच्या रक्ताचे थेंब ठेवले, औषध घातलं, काच हलवली. यादवने श्वास धरला होता. त्याला वाटत होतं श्वास सोडला तर गट बदलेल. डॉक्टर म्हणाले, "हं." मग बाळाचं रक्त पाहिलं. बाळ पॉझिटिव्ह. पुन्हा म्हणाले, "हं. द्या तो डबा."

इंजेक्शन वेळेत गेलं. गोजराबाईने अम्मीला डिंकाचे लाडू बांधून दिले. शकुबाई खालच्या मानेने म्हणाल्या, "मी आता पडद्यावर बदलते हो," आणि बसल्या. चौकट बदलेना. बाळंतपणाची नोंद झाली की त्या पानाला कुलूप.

डॉक्टर म्हणाले, "ते वरून उघडावं लागेल."

तेव्हापासून अम्मी वर पाहते आहे.

समर्थ सर पुढच्या भेटीला आले तेव्हा तिने त्यांना चहासुद्धा आधी दिला नाही.

"सर, ही प्रतिभा आणि ती सुवर्णा. एकच बाई. एक करा."

"बेसिकली सिस्टर, सिस्टिमच्या दृष्टीने या टू डिफरंट लेडीज आहेत."

"मूल एकच आहे, सर."

"ते मूल सुवर्णाचं आहे. एकच मूल दोन नोंदींत घेत नाही सिस्टिम."

"आणि प्रतिभाचं?"

"प्रतिभाचं पेंडिंग आहे."

अम्मीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. सरांनी खुर्ची जराशी मागे घेतली. "ऐका ना, एक उपाय आहे. नोंद बंद करायला खाली दोन ऑप्शन दिलेत. गर्भपात किंवा मातामृत्यू. मृत्यू टाकला तर चौकशी लागेल. गर्भपात टाका. सिम्पल! मिटिंगमध्ये कुणी नाव काढणार नाही."

"म्हणजे धडधाकट बाईला मी मारू, की तिचं पोर पाडू, एवढंच विचारताय तुम्ही?"

"सिस्टर, नुसती एन्ट्री आहे."

"ओ पॉझिटिव्हपण नुसती एन्ट्रीच होती."

समर्थ सर तसे वाईट नाहीत. त्यांनी खिशातलं एक पेन काढून परत लावलं. मग म्हणाले, "मी पुण्याला मेल करतो." आणि खरंच केला, माझ्यासमोर केला. तो मेल पुण्यात कुणाच्या घरी पाहुणा राहिलाय ते अजून कळलेलं नाही.

त्यानंतर दर मिटिंगला हत्तीण. एकदा लेखी खुलासा मागितला: 'सदर गरोदर मातेची प्रसूती विहित कालावधीत का झाली नाही?' अम्मीने लिहिलं, 'प्रसूती झालेली आहे.' उत्तर आलं, 'संगणकात दिसत नाही.' बाकीच्या नर्सबाई समजवायच्या, अगं टाक गर्भपात आणि मोकळी हो, कोण बघतंय? अम्मी म्हणायची, "मी बघते ना." रात्री जेवताना मात्र भाकरी अशी मोडायची की जणू भाकरीच पुण्याला बसली आहे. तिने स्वतःच हार घातलेला कॉम्प्युटर; शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

आणि मग मागच्या महिन्यात झुंबरबाई सुनेला घेऊन आली. कडेवर नातू. प्रतिभाला पुन्हा दिवस गेले होते.

अम्मीचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच काळजीने आवळला. हे दुसरं, आताच नीट लक्ष ठेवायला हवं. नोंद झाली तर इंजेक्शनची मागणी वर जाणार आणि ते वेळेवर केंद्रात येणार. नोंद नाही तर पुन्हा नाशिकरोड, बर्फ, लस्सी. तिने प्रतिभाचं पान उघडलं, 'नवीन गरोदरपण' दाबलं. पडदा म्हणाला: 'सदर लाभार्थी आधीच गरोदर आहे. नोंद करता येणार नाही.'

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"हाई काय शे!" रांग सरळ झाली.

झुंबरबाई पुढे सरकली. "काय म्हनतंय ते?"

"म्हणतंय, हिचं पहिलं बाळंतपण झालंच नाही."

"मंग हे कोनाचं?" झुंबरबाईने नातवाला दोन्ही हातांनी उचललं आणि पडद्यासमोर धरलं. "दिसतंय का रं तुला? हे कोनाचं?" नातवाने पडद्याला थुंकी लावली.

अम्मीने त्याला बाजूला केलं नाही. ती डोकं धरून बसली होती. "झुंबरबाई, मी थकले. पहिलं बंद होत नाही, दुसरं उघडत नाही. पहिलं बंद करायचं तर हिला मारावं लागतंय. मी काय करू, सांगा."

झुंबरबाईने आधी अम्मीकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे, मग भिंतींकडे, छताकडे, दाराकडे. जमीन पायाने चाचपल्यासारखी केली.

"ही जागा सरकारी हाय ना?"

"हो."

"माझं घर नाय ना?"

"नाही."

"मंग घाला सुवर्णा," झुंबरबाई म्हणाली. "सुवर्णा यादव सानप. लिवा, लिवा, लाईट जाईल."

प्रतिभाने डोळे एवढे मोठे केले की मला वाटलं उखाणाच घेते. अम्मीने एका बोटाने, एकेक अक्षर, सुवर्णा लिहिलं. रक्तगटाची लाल चौकट आली. तिथे तिने बी निगेटिव्ह टाकलं, आणि बटण दाबायच्या आधी रिपोर्ट काढून पुन्हा ताडून पाहिला. 'नोंद जतन झाली.' लाल पट्टी आली. मग लाईट गेली.

"आता तिघी झाल्या," अम्मी काळ्या पडद्याला म्हणाली. "एक कधी बाळंत न होणारी, एक खोट्या रक्ताची, आणि ही. परवाच्या मिटिंगला साहेबांना काय सांगू?"

मग ती प्रतिभाकडे वळली. "तुझा रक्तगट काय गं?"

"बी निगेटिव्ह."

"माहेरी विचारलं तर? कुठल्याही नावाने विचारलं तर?"

"बी निगेटिव्ह."

"झुंबरबाई, तुमच्या सुनेचा रक्तगट काय?"

"मला कशाला इचारता? मी का म्हायेरी चाललीय?"

"तुम्हीच तिला एसटीत बसवणार. सांगा."

"बी निगेटिव," झुंबरबाई पुटपुटली.

"मोठ्याने."

"बी निगेटिव! झालं? ऐकलं समद्या गावानं?" तिने नातवाला कडेवर घेतलं, पदर सावरला, पायरी उतरली, आणि केंद्राच्या फाटकाबाहेर पाऊल पडल्यावर मागे वळून हाक मारली, "चल गं, प्रतिभा!"

मिटिंग परवा झाली. एक चप्पल दाराला लागली, दुसरी भिंतीला.